केमो आणि पाय: मुंग्या, आग, नखं, सूज यांबद्दलचा धागा

रानजाई

केस, उलट्या, तोंड येणं, काउंट (रक्तातल्या पेशी) पडणं यांवर शोधलं की वाचायला भरपूर सापडतं. पायांवर मात्र कुठेतरी एखादी ओळ, तीही 'पायांची काळजी घ्या' एवढीच. म्हणून हा धागा काढतेय. स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू असलेल्या, संपलेल्या, घरात कुणाची चालू आहे अशा सगळ्यांनी लिहा. मी डॉक्टर नाही. वाचलेलं, विचारून घेतलेलं आणि भोगलेलं सांगतेय.

माझं आधी ए-सी झालं, म्हणजे ते लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) आणि सोबत सायक्लोफॉस्फमाइड. तेव्हा पाय गप्प होते. मग दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं. पहिले काही डोस नुसतं अंग ठणकायचं, एक-दोन दिवसांनी मांड्या-पोटऱ्या धरायच्या आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत सुटायच्या. ते या औषधाचं नेहमीचं आहे म्हणे. त्यानंतर आल्या त्या मुंग्या. आधी दोन्ही अंगठ्यांच्या टोकांना, मग सगळ्या बोटांना, मग चवड्याला. मांडी घालून बसल्यावर येतात तशा झटकून जाणाऱ्या नव्हेत, मुक्कामाला आलेल्या. पुढे पुढे तळव्याला कापसाचा थर चिकटलाय असं वाटायला लागलं. रात्री पांघरूण लागलं तरी चुरचुर.

हे असं टोकापासून का सुरू होतं, तर शरीरातल्या सगळ्यांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. नसेच्या आत अतिसूक्ष्म नलिका असतात, त्यांच्यावरून पेशीचा माल कण्यापासून बोटापर्यंत पोचतो. पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल (यांनाच टॅक्सेन म्हणतात) या नलिका ताठर करून टाकतात. कॅन्सरच्या पेशीची वाढ त्यामुळेच थांबते, कारण तिला दुभंगायला या नलिका मोडून पुन्हा बांधाव्या लागतात. पण नसेची वाहतूकही त्यातच अडते, आणि सगळ्यांत लांबचं टोक आधी उपाशी पडतं. म्हणून दोन्ही पाय सारखे, बोटांकडून वर, आणि बहुतेक वेळा हातांच्या आधी पाय.

आता ज्यासाठी एवढं टंकतेय ते. प्रत्येक डोसआधी सिस्टर विचारतात, 'मुंग्या आहेत का?' आपण म्हणतो, 'हो, थोड्या.' त्या 'थोड्या' लिहितात आणि सलाईन चालू. यात त्यांचा काही दोष नाही. डॉक्टर हा त्रास मोजतात तो 'किती दुखतं' यावर नाही, 'काय करता येत नाही' यावर. नुसतं जाणवतं, पण कामं सगळी होतात, ही पहिली पायरी. स्वयंपाक, बाहेरची कामं, फोन वापरणं यांत अडथळा येतो ही दुसरी. अंघोळ, कपडे घालणं, स्वतःचं आवरणं यांवर आलं की तिसरी. दुसरीवर पोचलं की डोस कमी करायचा, एखादा आठवडा थांबायचं की औषध बदलायचं, याचा विचार सुरू होतो. आपण 'थोड्या' म्हणत राहिलो तर कागदावर आपण पहिल्या पायरीवरच राहतो.

माझ्या बाबतीत झालं असं की एकदा स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आले आणि पाहते तर एकाच पायात चप्पल. दुसरी मागे ओट्यापाशी पडलेली. ती निसटली कधी हे पायाला कळलंच नव्हतं. पुढच्या भेटीत मुंग्यांबद्दल काही न बोलता हेच सांगितलं. डॉक्टरांनी लगेच चपला काढायला लावल्या, डोळे मिटायला सांगितले आणि अंगठ्याच्या हाडावर तो कंप पावणारा चिमटा टेकवून 'थरथर कळतेय का, थांबली की सांगा' असं तपासलं. इतके दिवस मुंग्या-मुंग्या म्हणत होते तेव्हा हे झालं नव्हतं.

तेव्हा बायांनो, आपल्या पायांबद्दल कामाच्या भाषेत सांगा. चप्पल निसटते. जिना उतरताना पायरी बघावी लागते. अंधारात उठलं की भिंत धरावी लागते. गार फरशी गार लागत नाही.

डोस कमी केला तर आजार परत येईल या भीतीने पुष्कळ जणी बोलत नाहीत. मीही घाबरत होते. पण तो हिशोब डॉक्टरांनी करायचा असतो, आणि तो करायला त्यांना खरी माहिती लागते. लिहा सगळ्यांनी.

कोरा कागद

बरं झालं काढलास. माझं प्रकरण वेगळं, म्हणून लिहिते. मी कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांवर आहे. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. मला मुंग्यांपेक्षा कातडीचा त्रास. तळवे लाल होतात, सुजल्यासारखे तुकतुकीत दिसतात, आग होते, मग सालं निघतात. भेग पडली की उभं राहायची सोय नाही. हँड-फूट सिंड्रोम. या गोळ्या घेणाऱ्या अर्ध्याहून अधिक लोकांना कमी-जास्त होतो, त्यामुळे 'मलाच कसं' म्हणायला वाव नाही. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनमध्येही होतो.

रानजाई म्हणते तो नसांचा त्रास आणि हा कातडीचा, दोन्ही वेगळे, उपायही वेगळे. दोन्हींत पायाची आग होते म्हणून गल्लत होते. ढोबळ खूण अशी: पाय दिसायला नेहमीसारखा आणि वाटायला विचित्र, तर नस. पाय दिसायलाच लाल, सुजलेला, सोललेला, तर कातडी. दोन्ही एकत्र असणाऱ्याही असतात.

मला काय कामी आलं:

युरिया असलेलं क्रीम, गोळ्या सुरू केल्या त्या दिवसापासून. त्रास झाल्यावर नव्हे. लावताना घासायचं नाही, थापायचं. रात्री लावून वरून सैल सुती मोजे.

घर्षण आणि उष्णता टाळणं. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ गरम पाण्याची लांबलचक अंघोळ बंद, भरभर चालायला जाणं बंद, घट्ट बूट बंद, एका जागी तासभर उभं राहणंही बंद. सावकाश, थोडं थोडं चालते.

आणि सगळ्यांत मोठं म्हणजे दुखायला लागलं की गोळ्या तशाच रेटायच्या नाहीत, त्याच दिवशी फोन करायचा. मला डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की नुसती लाली असेल तर चालू ठेवा, पण दुखून चालणं अवघड झालं, फोड आले, तर थांबवा आणि कळवा. थांबवलं की ओसरतं, मग गरज पडल्यास कमी डोसने पुन्हा सुरू करतात. 'पाकीट संपवूनच सांगू' हा विचार इथे महागात पडतो.

दिल्लीच्या एम्समधला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झालाय. कॅपेसिटाबिन घेणाऱ्या २६४ रुग्णांवर साधं डायक्लोफिनॅकचं १ टक्क्याचं जेल विरुद्ध बिनऔषधाचं जेल, अशी तुलना. मध्यम ते तीव्र त्रास जेलवाल्यांत ३.८ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. मी हे डॉक्टरांपुढे ठेवलं आणि त्यांच्या होकारानंतर लावायला लागले. तुम्हीही विचारूनच लावा. अभ्यासात ते हातांना लावलं होतं, आणि भेगा पडलेल्या उघड्या कातडीवर ते लावायचं नसतं.

जाता जाता एक गंमत. बोटांचे ठसे पुसट झालेत, माझा फोन मला ओळखेनासा झालाय.

मधली सुट्टी

मी रुग्ण नाही, मुलगा आहे. आईचं डोसिटॅक्सेल चालू आहे आणि तिला जुना मधुमेह. त्यामुळे आमच्याकडे पाय हे मुख्य खातंच आहे.

डोसिटॅक्सेलच्या आदल्या दिवसापासून डेक्सामेथासोन देतात. ॲलर्जी होऊ नये आणि अंगावर पाणी साठू नये म्हणून. पण त्या स्टिरॉइडने साखर उसळते. डोसच्या आसपासचे दिवस आम्ही साखर जास्त वेळा तपासतो आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना वेळापत्रक आधीच देऊन ठेवलंय. ज्यांचा मधुमेह आणि कॅन्सर दोन वेगळ्या डॉक्टरांकडे आहे त्यांनी या दोघांची गाठ घालून द्या, आपोआप पडत नाही.

रोज रात्री मी आईचे पाय बघतो. सुरुवातीला ती लाजायची, पाय ओढून घ्यायची. आता 'आला का इन्स्पेक्टर' म्हणते. बघायचं काय, तर तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा. बेचक्यात ओल राहिली की चिखल्या होतात, म्हणून बोटांमध्ये टॉवेलचं टोक घालून टिपून घ्यायचं, आणि क्रीम लावायचं ते बेचक्या सोडून. कुणी बघायला नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरायचा, तळवा नीट दिसतो.

मागच्या महिन्यात चपलेच्या पट्ट्याखाली पाण्याने भरलेला फोड सापडला. वाटाण्याएवढा. तिला पत्ताच नव्हता, कारण तिथे दुखत नाही. फोडला नाही, झाकून ठेवला, आणि काउंट कमी असण्याचे दिवस होते म्हणून फोन केला. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला असतात. त्या दिवसांत साधं नखुर्डंही घरी मिटवायच्या भानगडीत पडू नका. पू व्हायला पांढऱ्या पेशी लागतात. त्याच नसल्या तर पू दिसत नाही, नुसती लाली आणि ठणका. म्हणजे 'पू नाही, म्हणजे विशेष काही नाही' हा नेहमीचा हिशोब इथे चालत नाही. आणि ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला की रात्र असो वा पहाट, लगेच फोन.

नखं मीच कापतो. सरळ रेषेत. कोपरे गोल करून आत खणायचं नाही, तिथूनच नख मांसात जातं. केमोच्या काळात पार्लरमधलं पेडिक्युअर बंद. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती कापायची नाही, मागे ढकलायचीसुद्धा नाही. कुरूप आणि घट्टे ब्लेडने किंवा कुरुपाच्या पट्टीने काढायचे नाहीत. त्या पट्टीत आम्ल असतं, बधिर पायाला जळलेलं कळत नाही.

एक प्रश्न. सगळे सांगतात बी-कॉम्प्लेक्स द्या, नसांना चांगलं. द्यावं का?

पाणपोई

माझ्या मावशीला रोज रात्री गरम पाण्यात पाय बुडवून मग तेलाने जोरात मालिश करत होतो. खूप बरं वाटायचं तिला. गोळ्या-औषधांपेक्षा हे करून बघा सगळ्यांनी.

कोरा कागद

पाणपोई, राग मानू नका, पण 'सगळ्यांनी' नको. माझ्यासारखीच्या पायाला गरम पाणी आणि जोराचं मालिश म्हणजे उद्याचं साल आजच काढणं.

रानजाई

+१. आणि बधिर पायांनाही गरम पाणी धोक्याचं. पाय सांगणारच नाही की पाणी किती गरम आहे. पाणी कोमटच हवं आणि ते बघायचं कोपराने, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताने. आपले हातही बधिर असू शकतात. शेकायची पिशवी, हीटिंग पॅड पायाशी घेऊन झोपणं तर अजिबात नको. भाजून फोड आलेला सकाळी दिसतो.

हलक्या हाताने तेल किंवा क्रीम लावून घ्यायला माझी हरकत नाही, मलाही बरं वाटतं. त्याने नस सुधारते असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. आणि एक पाय सुजलेला असेल तर त्याला मालिश करायचंच नाही. का, ते कुणीतरी सविस्तर लिहा.

मधली सुट्टी, बी-कॉम्प्लेक्सबद्दल. बी-१२ आधी रक्तात तपासा. ते कमी असेल तर त्यानेच मुंग्या येतात, आणि मधुमेहावर मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते कमी सापडतं. तुझ्या आईचं म्हणूनच तपासायला हवं. कमी निघालं तर डॉक्टर देतील. कमी नसताना मनाने सुरू करू नको. बी-६ तर जास्त मात्रेत बराच काळ घेतलं की स्वतःच नसा बिघडवतं! हँड-फूटसाठीही पूर्वी बी-६ सर्रास देत, पण बिनऔषधाच्या गोळीशी तुलना केल्यावर फरक दिसला नाही.

याहून डोळे उघडणारी गोष्ट ॲसिटिल-एल-कार्निटिनची. 'नसांसाठी' म्हणून विकतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅक्सेन घेणाऱ्या बायकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये आला. गोळी घेणाऱ्यांचा त्रास न घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ते देऊ नका असं स्पष्ट आहे. त्याच सूचनांत असंही आहे की हा त्रास होऊच नये म्हणून देता येईल असं एकही औषध आज शिफारस करण्याजोगं नाही. त्यामुळे कुणी छातीठोकपणे 'हे घ्या, मुंग्या येणारच नाहीत' म्हणालं तर मी तरी दोन पावलं मागे सरते.

खिडकीतली

औषध नाही, पण बर्फाचे मोजे आहेत की! मी पॅक्लिटॅक्सेलच्या वेळी घातले. गोठवलेल्या जेलचे पायमोजे आणि हातमोजे, सलाईनच्या आधी पंधरा मिनिटं, चालू असताना तासभर, नंतर पंधरा मिनिटं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, तेवढा वेळ बोटांपर्यंत औषध कमी पोचतं.

जपानमधल्या एका छोट्या चाचणीत, २०१८ ची, प्रत्येक बाईच्या एकाच बाजूला थंड मोजे आणि दुसरी बाजू तशीच ठेवली होती. पायाचा स्पर्श कमी झाला तो थंड बाजूला २५ टक्के जणींत आणि उघड्या बाजूला ६३.९ टक्के जणींत. तीच बाई, तेच औषध, तोच दिवस, म्हणून मला ते पटलं. डोसिटॅक्सेलमध्ये नखं वाचवायला तर हे त्याच्याही आधीपासून वापरतात.

मला फायदा झाला असं वाटतं. मोजे घातले नसते तर काय झालं असतं हे सांगायला दुसरी मी नाही, त्यामुळे 'वाटतं' एवढंच.

निळी शाई

मला नाही झेपलं. दहाव्या मिनिटाला काढून फेकले. आतून हाडं दुखायला लागली. सिस्टर म्हणाल्या, नका हट्ट करू. सांगण्याचा मुद्दा हा की ज्यांना जमत नाही त्यांनी स्वतःला बोल लावून घेऊ नये.

खिडकीतली

अगदी. आणि काहींनी वापरायचेच नसतात. गारठ्यात बोटं पांढरी-निळी पडतात त्यांनी, पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी आहे त्यांनी, थंडीची ॲलर्जी आहे त्यांनी. आधीच बधिर असलेल्या पायाला थंडीने इजा झालेलीही कळणार नाही. थेट बर्फ कातडीला लावायचा नाही, आत पातळ मोजा घालायचा. जिथे केमो घेतो त्या डे-केअरला आधी विचारायचं. रानजाईने सांगितलेल्या २०२० च्या सूचनांमध्येही याची ठाम शिफारस नाही, अजून पुरावा हवा असं आहे.

तिसरी घंटा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या धाग्यात एक गोष्ट अजून आली नाही, ती म्हणजे पडणं. पायाची संवेदना गेली की तोल डोळ्यांच्या भरवशावर चालतो. म्हणून दिवसा सगळं ठीक आणि रात्री दिवा न लावता उठलं की भेलकांडायला होतं. अंघोळ करताना तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तीच गत. न्हाणीघरात धरायला दांडा, बसायला स्टूल, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचा मंद दिवा, आणि वाटेतलं पायपुसणं, वायर, गालिचा उचलून टाकणं. एवढं आजच करा.

चपलेबद्दल: अंगठ्याची, मागून उघडी, सपाता टाइप चप्पल बधिर पायाला वाईट. रानजाईची निसटली ती तशीच असणार. टाच धरून ठेवणारा पट्टा हवा, पुढे बोटं पसरायला जागा हवी, तळ घट्ट पण आत मऊ हवा. विकत घ्यायची ती संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना. घालण्याआधी आत हात फिरवायचा. खडा असेल, शिवण टोचत असेल तर पाय सांगणार नाही. घरात अनवाणी फिरणं बंद.

व्यायाम असे. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हात टेकून टाचा उचलायच्या, मग चवडे. एका पायावर उभं राहायचं, हात ओट्याच्या वर तयार. जमलं की ओळीत टाच-अंगठा जोडून ओट्याच्या कडेने चालायचं. खुर्चीत बसून घोट्यापासून पाय वर-खाली, गोल. कुणीतरी जवळ असताना करा, चक्कर येत असेल त्या दिवशी सोडा. याने मेलेली नस जिवंत होत नाही, पण तोल आणि स्नायू टिकतात, आणि माझ्या अनुभवात बायकांचा चालण्यावरचा विश्वास परत येतो. हँड-फूट असलेल्यांनी पायावर भार टाकणारे व्यायाम लाली उतरल्यावरच.

रानजाई

सपाताच होती. ओळखलंत!

कोरा कागद

सुजेचं मी लिहिते, माझ्या मैत्रिणीवर प्रसंग आला होता म्हणून माहितीय.

दोन्ही पाय संध्याकाळी जड होतात, मोज्याची खूण उमटते, सकाळी उतरतं. हे टॅक्सेनमध्ये, विशेषतः डोसिटॅक्सेलमध्ये बऱ्याच जणींना होतं. सांगायचं असतंच, पण पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं. वजन भराभर वाढत असेल, आडवं पडल्यावर धाप लागत असेल तर मात्र थांबू नका. लाल औषधाचा आणि ट्रॅस्टुझुमॅबचा (स्तनाच्या कॅन्सरचंच आणखी एक औषध) हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तर मधूनमधून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, हे वेगळं. ती रक्ताची गुठळी असू शकते. कॅन्सर आणि केमो दोन्हींमुळे रक्त गोठण्याकडे कल वाढतो, टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीनेही. अशा पायाला चोळायचं नाही कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना, डॉप्लर सोनोग्राफी. सोबत छातीत दुखणं किंवा अचानक धाप असेल तर थेट इमर्जन्सी. मैत्रिणीला वाटलं होतं गोळा आलाय पोटरीत.

पाणपोई

हे मला ठाऊक नव्हतं. मावशीचे दोन्ही पाय सारखेच होते, पण तरी. लिहिलंत ते बरं केलंत.

निळी शाई

संपल्यावर हे सगळं जातं का हो? माझी केमो संपत आलीय आणि मुंग्या वाढतच चालल्यात.

रानजाई

निळी शाई, खरं तेच सांगते. काहींचा त्रास शेवटच्या डोसनंतरही थोडे आठवडे वाढतो, मग उतरायला लागतो. उतरायला महिने लागतात. पुष्कळ जणींचा बराच कमी होतो, सगळ्यांचा पूर्ण जात नाही. अमेरिकेतल्या एका पाहणीत कॅन्सरचे उपचार घेतलेल्या बायकांपैकी ४७ टक्के जणींनी सरासरी सहा वर्षांनंतरही थोडाफार त्रास सांगितला होता, आणि त्यांचं पडण्याचं प्रमाणही जास्त होतं. तिसरी घंटा यांनी लिहिलेलं म्हणून केमो संपली तरी सोडायचं नाही.

माझं विचारशील तर गुडघ्याकडे चढत आलेलं सगळं उतरलंय, बोटांच्या टोकांना राहिलंय. गारठ्यात जास्त जाणवतं. जगता येतं.

मुंग्यांपेक्षा दुखणं जास्त असेल, चटके बसतात, वीज गेल्यासारखं होतं, झोप लागत नाही, तर डुलोक्सेटिनबद्दल विचार. झालेल्या दुखण्यावर चाचणीत उपयोगी ठरलेलं आणि त्या २०२० च्या सूचनांत शिफारस असलेलं हे एकच औषध. मुळात नैराश्यावरचं आहे, चिठ्ठीवर बघून दचकू नकोस. बधिरपणावर त्याचा फार उपयोग होत नाही. आणि तू पुढे टॅमॉक्सिफेनवर जाणार असशील तर हे दोन्ही एकत्र आहेत हे डॉक्टरांच्या लक्षात आणून दे. टॅमॉक्सिफेन शरीरात ज्या एन्झाइममुळे कामाला लागतं, त्यालाच डुलोक्सेटिन काही प्रमाणात अडवतं. मनाने सुरू करायचं नाही तसं एकदम बंदही करायचं नाही, हळूहळू कमी करतात.

मधली सुट्टी

बी-१२ तपासलं. कमीच निघालं. इंजेक्शनं सुरू केलीत डॉक्टरांनी. रानजाईताई, आभार.

आता नवीन प्रकरण. आईच्या दोन्ही अंगठ्यांची नखं आधी तपकिरी झाली, आडव्या रेघा उमटल्या, आता एक नख पुढून सुटून वर उचललं गेलंय. मोज्यात अडकतं. ओढून काढावं का?

खिडकीतली

ओढू नका. डोसिटॅक्सेलमध्ये हे होतं. सुटलेला भाग तेवढाच अलगद आखूड कापा, जोडलेल्या भागाला हात लावू नका. खाली ओल साचू द्यायची नाही, धुतल्यावर नीट टिपून कोरडं. मोजा अडकू नये म्हणून वरून चिकटपट्टी, पण रोज बदला, आणि काढताना कातडी ओढली जाणार नाही अशी. खालून पाणी येतंय, वास येतोय, हिरवट दिसतंय किंवा कडेला लाल होऊन ठणकतंय, तर दाखवायचंच.

आडव्या रेघा म्हणजे त्या त्या डोसच्या वेळी नखाची वाढ अडल्याच्या खुणा. मैत्रिणींत आम्ही त्या मोजायचो.

मधली सुट्टी

बूट घालायचे की उघडे सँडल? आणि नवीन नख कधी येतं?

तिसरी घंटा

पुढे बोटांना उंच जागा असलेला, मऊ कापडी, बंद बूट. उघड्या सँडलमध्ये ते नख कुठेतरी ठेचणार, आणि ठेचलेलं तिला कळणार नाही. घरात मात्र मोजा काढून हवा लागू दे, पायात टाच धरणारी चप्पल ठेवून. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण यायला वर्ष ते दीड वर्ष धरा. हाताची नखं त्याआधी येतील.

मधली सुट्टी

दीड वर्ष! आईला सांगितलं. म्हणाली, तोवर इन्स्पेक्टरची नोकरी पक्की.